कॅमेऱ्यामागची वाट

नागपूरच्या एका कार्यशाळेत पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि विचारलं, सिनेमाचं वेड कुठून लागलं? कोणी म्हणालं, आजोबा थिएटरात न्यायचे. कोणाच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. एकाने परदेशातल्या कुठल्याशा दिग्दर्शकाचं नाव घेतलं, ते पुन्हा विचारल्यावर त्याला स्वतःलाच नीट उच्चारता आलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आमच्या गावाजवळ वाघासाठी कॅमेरे बांधतात, त्यांच्यापुढे मी पहिला सिनेमा केला. सगळे हसले, आणि तिथे माझी विनोदी मुलगी म्हणून ख्याती झाली. मी तर घाबरून अगदी खरं ते सांगितलं होतं.

आमचं गाव मोहर्लीजवळ, जंगलाला चिकटून. बाबा ताडोबाच्या गेटवर गाईड आहेत. मोहर्लीत कोणी कोणाला कसा आहेस म्हणून विचारत नाही. गेटमधून जिप्सी बाहेर आली की चहावाल्यापासून हॉटेलच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, दिसला का? काय, ते सांगायची गरज नसते. अस्वल, रानकुत्रे, तळ्यावरचं धुकं, हे सगळं पाहून आलेला माणूससुद्धा मान खाली घालून म्हणतो, नाही दिसला. अशा दुःखी पाहुण्याला खूश करून परत पाठवायचं, ही बाबांची कला. मातीतलं पाऊल दाखवताना ते आवाज इतका खाली आणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं वाघ मागच्या सीटवरच बसला आहे.

आई त्याच जंगलात पायी जाते. चैतात मोह वेचायला, एरवी सरपणाला. तिला कोणी विचारत नाही दिसला का, आणि तीही आपणहून सांगत नाही. एकदा मोहाच्या दिवसांत ती घरी आली, हातपाय धुतले, चहा ठेवला आणि बाबांना म्हणाली, आज नाल्याजवळ बसला होता, थोडं थांबावं लागलं. बाबांना त्या आठवड्यात एकदाही दिसला नव्हता. ते चहा न पिताच बाहेर निघून गेले.

आमच्या मोहाच्या झाडांकडे जाणाऱ्या वाटेवर वनखात्याचे लोक दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कॅमेरे बांधून जायचे. वाटेच्या अल्याड एका झाडाला एक, पल्याडच्या झाडाला दुसरा, एकमेकांकडे तोंड करून, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मधून काही हललं की आतला बारीक लाल ठिपका पेटायचा आणि फोटो निघायचा. वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एका वेळी मिळावेत म्हणून ही योजना. वाघाला तिचं काही वाटलं नाही. बायकांना वाटलं.

गावात हजार गोष्टी उठल्या. फोटो थेट मुंबईला दिसतात, मोळी दिसली की वनखात्याचा माणूस दंड घ्यायला घरी येतो, तोंड दिसलं की नाव कळतं. आईचं कारण वेगळं होतं. लुगडं वर खोचलेलं, तोंडावर घाम, केसात पालापाचोळा, डोक्यावर मोळी. असा फोटो कोणी काढून ठेवावा, तोही न विचारता, हे तिला पटत नव्हतं. मग बायकांनी भांडण केलं नाही, अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. त्या झाडाच्या मागून जाऊ लागल्या. कॅमेऱ्याला पाठीमागे डोळे नसतात, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. रोज तिथून जाऊन जाऊन गवत दबलं, काटे बाजूला झाले, आणि मूळ वाटेला वळसा घालणारी एक नवीन पायवाट पडली. आम्ही तिला मागची वाट म्हणायचो.

आम्हा पोरांना मात्र समोरच्या वाटेचं आकर्षण होतं. तेव्हा मी चौथीत असेन. माझी चुलत बहीण, शेजारचा एक मुलगा आणि मी, अशी आमची कंपनी होती. गोष्ट मी बसवली. लग्न. चुलत बहीण नवरी, शेजारचा मुलगा नवरदेव, पळसाच्या पानांचे हार. नंतर मला वाटलं, नुसत्या लग्नात काय मजा, म्हणून नवरदेवाच्या धाकट्या भावाला बोलावून वाघ केलं. वाघ लग्नाला येतो, जेवतो आणि कोणाला काही न करता निघून जातो. आमच्याकडे वाघाला गोष्टीत घेतलं नाही तर गोष्ट अपुरी वाटते.

अडचण अशी होती, की कॅमेरा हालचालीला जागा व्हायचा, आणि हलतानाचे फोटो पुसट येतात असं बाबांकडून ऐकलेलं. म्हणून आधी सगळ्यांनी उडी मारायची, लाल ठिपका पेटला की एकदम पुतळा व्हायचं. हार घालायच्या आधी उडी, घातल्यावर उडी, फुलं टाकायच्या आधी उडी. वाघाला उड्या मारायला इतकं आवडलं, की तो जेवायचंच विसरला. मी बाजूला उभी राहून ओरडत होते. पुढे चित्रपटाच्या सेटवर मला जे काम मिळालं, ते साधारण हेच आहे.

काही दिवसांनी आमच्या बीटचे, म्हणजे आमच्या भागातलं जंगल सांभाळणारे, गार्डसाहेब घरी आले. चामोर्शीकडचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ. काखेत लॅपटॉपची बॅग. बाबांनी खुर्ची झटकून दिली. गार्डसाहेब बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, त्या वाटेवर एक वाघीण पिल्लं घेऊन फिरते असं ऐकलं होतं, मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, मोठ्या आशेनं लॅपटॉपला लावलं, आणि पाहतो तर काय. त्यांनी लॅपटॉप उघडून बाबांपुढे धरला. बाबा पाहत राहिले. आपलं गेटवरचं काम आता गेलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

गार्डसाहेबांनी मला जवळ बोलावलं. मी गेले, आणि लॅपटॉपवर पाहिलं तर माझा सिनेमा. नवरी होती, नवरदेव होता, वाघ हवेत होता. प्रत्येक फोटोत मी पण होते, पण माझं डोकं कुठेच नव्हतं. सगळ्यांत उंच मीच, आणि कॅमेरा वाघाच्या मापाने बांधलेला. हात वर करून ओरडणारा एक फ्रॉक तेवढा दिसत होता. मला त्याचं इतकं वाईट वाटलं, की रागावणं ऐकायचं राहून गेलं.

“लगन करा न, कोन नाई म्हन्ते,” गार्डसाहेब म्हणाले. “पन गावात करा. मले वाघ मोजा लागते, वऱ्हाडी नाई.”

ते पुढचे फोटो सरकवत होते. एका फोटोवर त्यांचा हात थांबला. तो पल्याडच्या कॅमेऱ्यातला होता. पुढे आमची वरात, आणि मागे, अल्याडच्या झाडाच्या आडोशाला, मागच्या वाटेवर आई उभी, लांब असल्यामुळे अख्खी मावलेली. डोक्यावर सरपणाची भलीमोठी मोळी, एक हात मोळीला, आणि ती हसत होती. तोंडावर पदर न घेता, सगळे दात दिसतील अशी, माझ्याकडे बघून. घरात आई हसायची नाही असं नाही, पण असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. इतकी तरुण आहे ती, हेही मला तोवर माहीत नव्हतं. एका कॅमेऱ्याला चुकवताना ती समोरच्या कॅमेऱ्यात सापडली होती, आमच्या उड्यांमुळे.

दारात उभ्या असलेल्या आईने पदर ओढला आणि ती आत गेली. गार्डसाहेबांनी एकदा फोटोतल्या मोळीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या दाराकडे. मग म्हणाले, हा खराब आला आहे, आणि बटण दाबून त्यांनी तो फोटो पुसून टाकला. त्यांनी आमच्यावर उपकार केले होते, हे मला त्या वयातही कळलं. तरी मी भोकाड पसरलं. ते रागावल्यामुळे मी रडते आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि गार्डसाहेबांनी खिशातून गोळी काढून दिली.

जाताना ते बाबांना हळूच म्हणाले, बायकांनी मागून जी वाट पाडली आहे ती इतकी साफ झाली आहे, की वाघही आता तिथूनच जातो, कॅमेऱ्यासमोर यायला कोणी तयारच नाही. बाबांनी हे पुढे कित्येक पाहुण्यांना स्वतःचं निरीक्षण म्हणून सांगितलं.

तो पुसलेला फोटो माझ्या डोक्यातून गेला नाही. दहावीनंतर मी सिंदेवाहीला मामाकडे राहायला गेले, आणि कॉलेजपेक्षा जास्त वेळ तिथल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्या भाऊंच्या दुकानात काढला. भाऊ पोटाने मोठे आणि मनाने त्याहून. आधी त्यांनी मला लाइट धरायला ठेवलं. आमच्या बौद्ध समाजातल्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, मागे पांढरा पडदा, स्टेजला पांढरी झालर. मी हौसेने लाइट तिच्या तोंडावर मारला की भाऊ तिकडून ओरडायचे, नवरी गायब झाली. उजेड किती घालायचा यापेक्षा कुठे घालायचा नाही, हे मी त्या पांढऱ्या साड्यांवर शिकले. भाऊंचे दोन नियम होते. तोंडात घास असलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा नाही, आणि रडणाऱ्या माणसाच्या फार जवळ जायचं नाही. दोन्ही नियम मी पुढे मोठ्या मोठ्या लोकांना मोडताना पाहिले.

मग कॅमेरा हातात आला आणि माझी खोड उघडी पडली. मी नवरीच्या आईच्या मागे लागायचे. लग्नात सगळे नवरीकडे बघत असतात, आणि ही बाई कुठेतरी कोपऱ्यात भांडी मोजत असते, कोणाला तरी जेवायला बसवत असते, मधेच एकदा स्टेजकडे बघते आणि तिचं तोंड बदलतं. ते तोंड मला हवं असायचं. एका लग्नाचा व्हिडिओ पाहून नवरदेवाच्या काकांनी भाऊंना फोन केला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, आमचा मुलगा लग्नाला आला होता का? भाऊंनी मला काढलं नाही. फक्त पुढच्या लग्नापासून माझ्या मागे एक माणूस उभा केला, त्याचं काम एवढंच, की मला खांद्याला धरून स्टेजकडे वळवायचं.

कॉलेज संपता संपता वाघावर माहितीपट करणारी एक मंडळी मोहर्लीला आली. बाबांनी माझी शिफारस अशी केली, की जणू मी जन्मल्यापासून वाघच चित्रित करत होते. त्यांनी मला कॅमेऱ्याची तिपाई उचलायला घेतलं. काम अवघड नव्हतं, गप्प बसणं अवघड होतं. मचाणावर तासन् तास तोंड मिटून राहायचं हे माझ्या घराण्यात फक्त आईलाच जमलं असतं. त्यांचा माहितीपट तयार झाला तेव्हा त्यांनी आठवणीने पाठवला. आम्ही सगळ्यांनी बाबांच्या फोनवर पाहिला. सुंदर होता. एका ठिकाणी वाघ संथपणे एका पायवाटेवरून येतो आणि निवेदक गंभीर आवाजात म्हणतो, इथे माणसाचं पाऊल पडत नाही. ती वाट आम्ही सगळ्यांनी एकदम ओळखली. आमची मागची वाट. आई म्हणाली, “मंग रस्ता कोनं पाडला? वाघानं?”

माझा पहिला लघुपट त्या एका वाक्यातून निघाला. नागपूरच्या कार्यशाळेत गेले ती त्याचाच विचार घेऊन. विनोदी मुलगी म्हणून ख्याती झाल्यावर गंभीर विषय मांडणं कठीण असतं, पण शिकवणाऱ्या बाईंना कल्पना आवडली. कॅमेऱ्याला चुकवणाऱ्या बायका आणि त्यांनी पाडलेली वाट. कॅमेरा कार्यशाळेचा मिळणार होता. नीट झाला तर बाई पुढे महोत्सवांना पाठवणार होत्या. मी मान डोलावली. मला महोत्सवाचं कौतुक होतंच, पण मनात दुसरंच होतं. आईचं ते हसतं तोंड मला परत हवं होतं, आणि या वेळी ते पुसायला कोणी येणार नव्हतं.

मोह पडायला लागले तशी मी गावी आले. गावातल्या बायका मला लहानपणापासून ओळखणाऱ्या. थोडं लाजून, थोडं चिडवून तयार झाल्या. एक काकू तर रोज कॅमेऱ्याकडे बघून मोह वेचायच्या, त्यामुळे त्यांच्या टोपलीत खडेच जास्त जायचे. आई मात्र काही केल्या सापडेना. मी तिपाई वाटेच्या डाव्या बाजूला लावली की आई उजवीकडून, माझ्या पाठीमागून निघून जायची. उजवीकडे लावली की डावीकडून. ती मुद्दाम करत नव्हती, हे मला हळूहळू कळलं. तीन पायांवर उभी असलेली डोळ्याची वस्तू दिसली, की तिचे पाय आपोआप वळायचे. इतक्या वर्षांची सवय ती. माझ्या चित्रीकरणात झाडं होती, मोह होते, काकू होत्या, आणि चौकटीच्या कडेला दर वेळी नाहीसं होणारं एक हिरवं लुगडं होतं.

एक दिवस मी कॅमेरा टोपलीत ठेवून वर मोहाची वाळकी पानं पसरली. पाणवठ्यावर वाघासाठी अशीच पानं लावून लपवलेला कॅमेरा मी त्या माहितीपटवाल्यांना लावून दिला होता. ते आठवलं आणि मी पानं काढून टाकली. आई मागे उभी होती, तिने सगळं पाहिलं होतं.

“वाघाले कोनी इचारत नाई,” ती म्हणाली, “तेच्या हाती काई नाई. मले तं इचारशील.”

मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी तिथेच, हातात टोपली घेऊन, अगदी पाहुण्यासारखं विचारलं, माय, तुझं तोंड घेऊ का सिनेमात? तिने विचार केला. मग म्हणाली नाही. अशा अवतारात नाही. थोड्या वेळाने बहुधा तिला माझी दया आली. पाय घे म्हणाली, पायांना काही अवतार नसतो.

म्हणून मी पाय घेतले. पाठमोरी चाल घेतली. गवतावरून पुढे पुढे जाणारी मोळी घेतली. बोलायला ती तयार झाली, तेव्हा तिचा आवाज घेतला. मी विचारल्यावर आईने नाही म्हटलेलं, आता गुपचूप घ्यायचा प्रश्नच नव्हता. लघुपट जोडून मी नागपूरला पाठवला. बाईंचा फोन आला. चांगलं झालं आहे, म्हणाल्या, पण जिचा आवाज आपण इतका वेळ ऐकतो ती शेवटपर्यंत दिसत नाही. एक चेहरा हवा. तेवढा घे, मग पाठवू. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून स्वस्थ बसले. आईला दुसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत नव्हती.

तरी लघुपट गावाला दाखवायचा हे आधीच ठरलं होतं. सिंदेवाहीहून भाऊ स्वतः आले, प्रोजेक्टर आणि मंडपाचं पांढरं कापड घेऊन. विहाराच्या पटांगणात दोन बांबूंना कापड ताणलं. पांढऱ्यावर किती उजेड घालायचा ते आता मला माहीत होतं. लॅपटॉप ऐन वेळी रुसला म्हणून लघुपट माझ्या फोनवरून लावायचा ठरला, फोनमधून वायर प्रोजेक्टरला. कार्यशाळेचा कॅमेरा घरी चार्जिंगला होता. दिवेलागण झाली, लोक जमले. बाबांनी प्रस्तावना केली. प्रस्तावना ते जिप्सीत करतात तशीच केली, आवाज खाली आणून, आणि लोक उगाच मागे वळून बघायला लागले.

लघुपट सुरू झाला. पहिल्यांदा पाय दिसले तेव्हा कोणाला काही कळलं नाही. पाठमोरी चाल दिसली आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी आईला नात्याने हाक मारून ओरडलं. मग सगळीकडून. तोंड लपवून काय उपयोग, सगळ्या गावाने तिला चालीवरून ओळखलं होतं. डावा पाय किंचित बाहेर टाकण्याची तिची लकब आहे, ती मला कॅमेऱ्यामागून इतके दिवस दिसली नव्हती, आणि गावाला एका क्षणात दिसली. मी आनंदाने आईकडे बघायला वळले तर आई बायकांमध्ये नव्हती.

ती कुठे गेली असेल हे मला शोधावं लागलं नाही. मी कापडाला वळसा घालून मागे गेले. आई पडद्याच्या पाठीमागे एका दगडावर बसली होती. तिथून चित्र उलटं दिसत होतं, पण दिसत होतं. तिने माझ्या चुलत बहिणीच्या लग्नातली निळी साडी नेसली होती. केस विंचरलेले, केसात मोगऱ्याचं फूल. कापडातून येणारा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, आणि गाव तिला चिडवत होतं त्यावर ती हसत होती. मी तिथेच उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं.

“आता घे न,” ती म्हणाली. “आता कामात नाई मी.”

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. फोन पडद्याच्या पलीकडे वायरला जोडलेला होता, आणि तिच्या तोंडावरचा उजेड त्याच फोनमधून येत होता. वायर काढली असती तर सगळ्या गावाने आरडाओरडा केला असता, आणि इकडे तिचं तोंड अंधारात गेलं असतं. मी तिला हे समजावून सांगितलं. तिला ते ऐकून आणखी हसू आलं.

“मंग उद्या घेजो,” ती म्हणाली. “दिवसा. आंगनात.”

मी तिच्याजवळ दगडावर बसले आणि उरलेला सिनेमा आम्ही दोघींनी उलटा पाहिला. मला फार बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी रडू येत होतं. ती नको म्हणत होती ते कॅमेऱ्याला नव्हतं, न विचारता, कामाच्या अवतारात टिपण्याला होतं. इतकी वर्षं मी ते उलट्या बाजूने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा तीच साडी नेसून अंगणात खुर्चीवर बसली. बाबांनी कोंबड्या हाकलल्या, मागच्या दोरीवरचे कपडे काढले आणि चौकटीत येऊन उभे राहिले. त्यांना समजावून बाहेर काढलं. मी तिपाई लावली, तिच्या डोक्यावर पुरेशी जागा सोडली. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघितलं. मी कॅमेरा सुरू केला.

ती हललीच नाही. व्हिडिओ आहे माय, हललं तरी चालतं, असं मी आधी सांगितलं होतं, पण तिच्या लेखी फोटो म्हणजे फोटो. आधार कार्डावर आहे तस्सं तोंड. एक कोंबडी परत आली, तिच्या पायाजवळून गेली, तरी पापणी लवली नाही. पडद्यामागचं ते हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. मला वाटलं, थांबवावं आणि तिला काहीतरी बोलतं करावं. पण ती बघत होती. वळली नव्हती, झाडामागे गेली नव्हती. मी विचारलं होतं आणि ती येऊन बसली होती, नीट, तयार होऊन, माझ्या समोर. मग मी कॅमेरा तसाच चालू ठेवला.

“झालं काय?” तिने ओठ फारसे न हलवता विचारलं.

मी बाहीने नाक पुसलं. तिची नजर कॅमेऱ्यावरून वर माझ्याकडे आली. माझा अवतार बघून तिचं तोंड आधी गोंधळलं, मग हळूहळू उलगडलं, आणि ती हसायला लागली. सगळे दात दिसतील अशी. हसत हसतच उठून माझ्याकडे आली, इतक्या जवळ की कॅमेऱ्यात नुसती साडीच राहिली. चित्रफितीत त्यानंतर फक्त निळा रंग आहे आणि आवाज. नागपूरच्या बाई म्हणाल्या, ती उठते तिथेच काप. मी कापलं नाही. त्या निळ्या रंगावरच माझा लघुपट संपतो.

“रडून काऊन राह्यली वं?” आई विचारते. “वाघ दिसला काय?”

“हो माय,” मी म्हणते. “दिसला.”